मुक्त चुना

माती तपासून आणली की जो कागद हातात मिळतो त्यावर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांच्या रांगेत ‘मुक्त चुना’ असा एक रकाना असतो. शेतकरी तो सहसा वाचत नाही. खताचा दुकानदार तर नाहीच नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बऱ्याचशा कागदांवर तिथला आकडा मोठा असतो. शंभर किलो मातीत पाच-दहा किलो, कुठं कुठं त्याहूनही जास्त. मी शाळेत भाषा शिकवतो, उर्दू आणि मराठी. विज्ञान माझा विषय नव्हे. पण जुनं वाचायची खोड आहे, आणि आमच्या भागाचा इतिहास लिहायचा तर राजे-सरदारांच्या आधी या रकान्यापासून सुरुवात करावी असं मला अलीकडं वाटू लागलंय.

चुना म्हणजे कॅल्शियमचा संसार. कॅल्शियम हा खरं तर चंदेरी, मऊसर धातू, पण निसर्गात तो एकटा कधीच सापडत नाही. कुणा ना कुणाशी जोडलेलाच असतो. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या वजनाचा जवळपास दहावा हिस्सा कॅल्शियमच्या ऑक्साइडचा असतो. पाषाण झिजतो, पावसाचं पाणी त्यातलं कॅल्शियम विरघळवतं. कोकणात पाऊस इतका की ते धुऊन समुद्राला मिळतं. म्हणून तिकडची माती लाल आणि आंबट. आमच्याकडं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पाणी चार-पाच फूट खाली जातं आणि तिथंच आटतं. कॅल्शियम मागं राहतं, हवेतल्या-मातीतल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडलं जातं आणि त्याच्या गाठी होतात. विहीर खणताना काळ्या मातीखाली जे पांढरट, खरबरीत, आल्याच्या गड्ड्यासारखे खडे लागतात ते हेच. आपण त्यांना चुनखडी म्हणतो. वर्गात एकदा पोरांना शेतातून आणायला सांगितले होते. लिंबू पिळलं की फसफसतात. पोरांना त्या दिवशी मराठीच्या तासाला फार मजा आली.

आता थोडं शब्दांकडं वळतो, कारण माझा खरा धंदा तोच. मराठी चुना आणि उर्दू चूना दोन्हीही संस्कृत ‘चूर्ण’ची लेकरं. अरबीत चुन्याला ‘किल्स’ म्हणतात, आणि त्याचा सोयरा लॅटिन ‘काल्क्स’. दोन्हींचं मूळ ग्रीक भाषेतल्या खडी या अर्थाच्या शब्दाकडं जातं. अरब किमयागार एखादा खनिज पदार्थ भाजून त्याची भुकटी करण्याला ‘तकलीस’ म्हणत, म्हणजे शब्दशः चुना करणं. युनानी हकिमांच्या पुस्तकांत हा शब्द आजही भेटतो. १८०८ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं विजेच्या साहाय्यानं चुन्यातून हा धातू पहिल्यांदा वेगळा काढला, तेव्हा त्यानं ‘काल्क्स’वरूनच कॅल्शियम हे नाव दिलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर मुतखड्याला डॉक्टर ‘कॅल्क्युलस’ लिहितात तेही त्याच घराण्यातलं. रोमन लोक छोटे खडे मांडून हिशेब करत, म्हणून हिशेबालाही तेच नाव पडलं. फसवण्याला मात्र मराठीत आणि उर्दूत सारखंच ‘चुना लावणं’ म्हणतात, हे आपल्या दोन्ही भाषांच्या मैत्रीचं लक्षण मानायचं की काय, कळत नाही.

तर हे खडे. शेतकऱ्याला ते नकोसे, पण बांधकामाला त्यांच्यासारखी वस्तू नव्हती. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात लोणारी समाजाची नोंद आहे ती चुना तयार करणारे म्हणूनच. भट्टीत खडे आणि जळण यांचे थर द्यायचे. उष्णता नऊशे अंशांच्या पुढं गेली की खड्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर हाती छप्पन किलो कळीचा चुना राहतो, चव्वेचाळीस किलो हवेत गेलेले असतात. त्या चुन्यावर पाणी टाकलं की तो उकळतो, फुटतो, पीठ होतो. मग घाणी. गोल दगडी चरात बैल दगडाचं चाक फिरवतो आणि चुना, वाळू, विटांची सुर्खी एकजीव होते. सुर्खी म्हणजे लालसर भुकटी, फारसी ‘सुर्ख’वरून. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असलं काय काय कारागीर त्यात घालत. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाचं गुपित. जुन्या किल्ल्यांत घाणीची ती चाकं अजून पडलेली दिसतात.

भिंतीत गेल्यावर जे होतं ते मला सगळ्यात नवलाचं वाटतं. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे कारागीर दगडाचं पीठ करतो, हव्या त्या जागी भरतो आणि ते पीठ तिथं पुन्हा दगड होतं. हे काम वर्षानुवर्षं चालू राहतं. आपल्या खड्यांत चिकणमाती मिसळलेली असते, त्यामुळं त्यांचा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. पायासाठी, हौदासाठी, बंधाऱ्यासाठी तोच हवा असे.

भीमा आणि नीरा यांच्या मधला हा पट्टा कधी निजामशाहीत, कधी आदिलशाहीत राहिला. पुणे, सुपे, इंदापूर ही भोसल्यांची जहागिरी. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि त्याच गावात चांदशाहवलींचा दर्गा आहे. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. सिमेंट यायच्या आधीच्या या मुलखात पक्कं बांधकाम म्हटलं की चुना आलाच, मग ते देवाचं असो, पिराचं असो की सावकाराचं. विजापूरचा गोलघुमट १६५६ साली पुरा झाला. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा तो घुमट विटा आणि चुन्याचा आहे, आत लोखंडाचा सांगाडा नाही. अशा इमारतींबद्दल बोलताना आपण सुलतानाचं नाव घेतो, फार तर वास्तुकाराचं. चुना भाजणारे लोणारी आणि तो लावणारे गवंडी यांना इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळत नाही. गॅझेटिअरच्या मुसलमानांवरच्या भागात गवंडी ही वेगळी बिरादरी म्हणून येते, तांबोळीही येतात. एकाच्या हाती भिंतीचा चुना, दुसऱ्याच्या हाती पानाचा. हिंदू लोणाऱ्यानं भाजलेला चुना मुसलमान गवंड्यानं देवळाला लावला आणि हिंदू गवंड्यानं मशिदीला, असं आमच्या भागात किती वेळा झालं असेल त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. कारण त्यात कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. त्या धंद्याची भाषाही अशीच मिसळलेली आहे. गिलावा म्हणजे गिल आणि आब, माती आणि पाणी. दगडांमधली दरज भरायची म्हणतो ती ‘दर्ज’, म्हणजे शिवण, ज्यावरून दर्जी झाला.

देशातला सिमेंटचा कारखाना पोरबंदरला १९१४ साली सुरू झाला आणि पुढच्या पन्नास वर्षांत चुन्याची भट्टी विझली. सिमेंटमध्येही मुख्य माल कॅल्शियमच आहे, पण स्वभाव निराळा. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. आमच्या पाहण्यातल्या एका जुन्या मशिदीच्या भिंतीला वर्गणी काढून सिमेंटचं प्लॅस्टर केलं. तिसऱ्या पावसाळ्यात ते पोपडे धरून पडलं, आणि सोबत आतला दोनशे वर्षांचा चुनाही घेऊन पडलं. आता पुन्हा वर्गणी चालू आहे, पुन्हा सिमेंटसाठीच. जमातीच्या बैठकीत मी चुन्याचं नाव काढलं तर लोक म्हणाले, गुरुजी, कारागीर दाखवा. प्रश्न बरोबर होता.

आता शेताकडं येतो. आमच्या भागाचा खरा उलटफेर तिथं झाला.

१८७६-७७ च्या दुष्काळानं या कोरडवाहू मुलखाचे हाल केले. त्यानंतर १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्यातून पाणी सुटलं. पुढं १९२८ साली भाटघरचं आजचं मोठं धरण पुरं झालं. जिथं बाजरी पिकत नव्हती तिथं ऊस उभा राहिला. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कारखाना काढला, १९३४ साली साखर निघू लागली, त्या वसाहतीला आज आपण वालचंदनगर म्हणतो. नंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने आले. इथंही चुना सुटत नाही. उसाचा रस गढूळ आणि आंबट असतो. त्यात चुन्याचं दूध आणि गंधकाचा धूर सोडला की मळ खाली बसतो. एक टन उसामागं दीड-दोन किलो चुना लागतो. गुऱ्हाळावर भेंडीच्या चिकाबरोबर चुन्याची निवळी घालतात तीही त्यासाठीच. कारखान्याला मात्र शुद्ध चुना लागतो. आमच्या खड्यांत माती फार, त्यामुळं घरच्या चुन्याला तिथं कुणी विचारत नाही.

कालवा येऊन पंचवीस वर्षं झाली नाहीत तोच त्याची दुसरी बाजू दिसली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली एक पुस्तिका लिहिली. विषय होता नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनी. हे मॅन म्हणजे पुढं पिंपळे सौदागर गावाचा घरोघर फिरून अभ्यास करणारे तेच. लक्षात घ्या, साखर कारखाने, वीजपंप, रासायनिक खतं यांतलं काहीही तोवर आमच्याकडं आलेलं नव्हतं. नुसत्या पाण्यानं जमीन बिघडायला लागली होती. त्यानंतर क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरनं दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ जमिनींच्या निचऱ्यावर बरीच वर्षं काम केलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रोग कळला होता आणि औषधही.

रोग असा. काळ्या मातीचे कण फार बारीक, आणि त्यांच्या अंगावर उणा विद्युतभार असतो. कॅल्शियमवर दोन धन भार. तो दोन्ही हातांनी कणांना धरून ठेवतो, त्यांचे पुंजके बांधतो. पुंजक्यांच्या मधून पाणी खाली जातं, मुळांना हवा मिळते. सोडियमला एकच हात. कॅल्शियमची जागा सोडियमनं घेतली की पुंजके सुटतात, कण पाण्यात पसरतात आणि मातीची भोकं बुजवतात. अशी जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी, वाळली की विटेसारखी. तिला आपल्याकडं चोपण म्हणतात.

पण इतका चुना असताना सोडियमची सरशी होते कशी? इथंच मेख आहे. भरपूर पाणी दिलं, खाली निचरा नाही, की पाण्याची पातळी वर येते. वरून ऊन ते आटवतं. आटताना सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं, म्हणजे चुनखडीचा आणखी एक थर. पाण्यात उरतो तो सोडियम. त्याला मैदान मोकळं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कोरड्या प्रदेशातल्या काळ्या मातीवर हेच दाखवून दिलंय की चुनखडी होणं आणि जमीन चोपण होणं या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. कागदावरचा मुक्त चुना मोठा दिसतो, पण तो मुक्त नाहीच. खड्यात कैद आहे. विरघळत नाही तोवर मातीच्या कणाला त्याचा उपयोग नाही. उलट त्याच्यामुळं लोह अडकून राहतं आणि उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात. शेतकरी म्हणतात, ऊस केवडा पडला.

माणसाच्या शरीरातही कॅल्शियमची गोष्ट बरीचशी अशीच. मोठ्या माणसाच्या अंगात ते किलोभर असतं. त्यातलं नव्व्याण्णव टक्के हाडादातांत कोंडलेलं, पण हृदयाचा ठोका चालतो तो उरलेल्या एका टक्क्याच्या जोरावर. नीरेचा कालवा होत होता त्याच काळात, १८८३ साली, लंडनमध्ये सिडनी रिंगर या डॉक्टरला हे कळलं, तेही पाण्यामुळं. बेडकाचं काढलेलं हृदय तो मिठाच्या द्रावणात धडकत ठेवायचा. एकदा द्रावण शुद्ध पाण्यात केलं तर हृदय थांबलं. आधीची द्रावणं मदतनिसानं नळाच्या पाण्यात केली होती आणि त्या पाण्यात चुना होता. दवाखान्यात ‘आरएल’ची बाटली लावतात, त्यातला ‘आर’ म्हणजे हा रिंगर. आणि आमच्या बारामतीत घरोघर दूध असून बायकांची हाडं साठीत का मोडतात, तर दुधातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते अंगाला ऊन लागल्याशिवाय पुरेसं होत नाही. आपल्या खाला-नानींना दिवसातला थोडा वेळ गच्चीवर, अंगणात ऊन मिळतंय का हे घरातल्या पुरुषांनीही बघावं. बुरख्याच्या बाजूनं आणि विरुद्ध वाद घालण्यापेक्षा ते सोपं आहे.

माझ्या मामूंची नीरेच्या बाजूला अडीच एकर जमीन आहे, ओढ्यालगत, सखल. नानांच्या काळात तिथं एकरी पन्नास टन ऊस निघायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत मधोमध एक चकदा पडला आणि वाढत गेला. तिथं टिपरी उगवत नाही, पावसाचं पाणी आठवडाभर उभं राहतं, आटलं की वर पांढरं फुटतं. एका दुकानदारानं त्यांना ‘कॅल्शियम’ म्हणून बाटल्या दिल्या, पानांवर फवारायच्या. दोन हंगाम फवारल्या. मग मी आग्रहानं माती तपासून घेतली. सामू ८.९, सोडियम मर्यादेबाहेर, मुक्त चुना बारा टक्के. कागद बघून तिथल्या कृषी पदवीधर मुलीनं जिप्सम सांगितलं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. चुनखडीपेक्षा ते पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून ढकलून देतं.

मामू माझ्यावर उखडले. “जमीन में चुना भरेला है, अन् तू फिर चुना डाल बोलता?” म्हणजे भरलेल्या घरात आणखी भरू म्हणतोस? मी त्यांना कैदेतला चुना आणि सुटा चुना समजावला. तिजोरीत पैसा आहे पण किल्ली विहिरीत पडली, असं म्हटल्यावर ते हसले. किल्ली आणखी एका रीतीनं मिळते. चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकलं तर मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल खडे विरघळवतं आणि जिप्सम जागच्या जागी तयार होतं. शेणखत आणि धैंचा गाडल्यानंही थोडं थोडं तेच घडतं. मामूंनी जिप्समही टाकलं, धैंचाही गाडला.

पण त्या मुलीनं आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि मॅनच्या काळापासून ती सगळ्यांनी सांगितली आहे. सुटलेला सोडियम जाणार कुठं? त्याला वाट हवी. जमिनीखाली सच्छिद्र पाइप किंवा निदान बांधानं खोल चर काढून पाणी ओढ्याला सोडलं पाहिजे. नाहीतर जिप्समचे पैसे वाया. मामूंची जमीन आणि ओढा यांच्या मध्ये दोन वाटेकरी आहेत. एकानं लगेच होकार दिला, कारण त्याच्याही कोपऱ्यात पांढरं फुटायला लागलंय. दुसरा म्हणतो, माझ्या रानात अजून ऊस येतो, चरात माझी चार गुंठे जमीन जाईल, ती कोण देणार? त्याचंही चूक नाही. गावातल्या थोरामोठ्यांनी दोनदा बसून बोलणी केली. चार गुंठ्यांचं वर्षाचं उत्पन्न मामू आणि पहिल्या वाटेकऱ्यानं मिळून द्यायचं, असं तोंडी ठरलं. मग त्या माणसाच्या भावानं मोडता घातला.

गेल्या उन्हाळ्यात मामूंनी आपल्या हद्दीतला चर जेसीबीनं काढून घेतला, पहिल्या वाटेकऱ्यानंही आपला काढला. साडेतीन फूट खोल. खाली खड्यांचा पांढरा थर सलग दिसतो. दुसऱ्या बांधापाशी येऊन चर थांबलाय. जूनच्या पहिल्या पावसानंतर मी बघायला गेलो तेव्हा तो तिथपर्यंत तुडुंब होता. पाणी जरा तांबूस, चवीला खारट. सोडियम चकद्यातून सुटून चरापर्यंत आलाय. ओढा तिथून साठ पावलांवर आहे.